दयारामची होळी

राजकुमार सरांचं वजन ब्याण्णव किलो होतं आणि ते त्यांनी कधी कुणापासून लपवलं नाही. लपण्यासारखं ते नव्हतंही. खामगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना ते फळ्यासमोर उभे राहिले की अर्धा फळा दिसेनासा होई आणि मुलं उरलेल्या अर्ध्यावर पास होत. याबद्दल वीस वर्षांत कुणाची तक्रार आली नव्हती. पण गेल्या वर्षीच्या आधीच्या डिसेंबरात, सोनाळ्याला भज्यांच्या गाडीसमोर, या वजनाच्या हातून एक कृत्य घडलं. हातून म्हणणं तितकंसं बरोबर नाही, पण असो.

झालं असं की सर डोंगरातून उतरले होते आणि भुकेले होते. दोन्ही हातांत भज्यांचा गरम कागद धरून ते आपल्या जुन्या मोटारीपाशी आले. चालकाच्या जागेवर ऊन आलं होतं. म्हणून त्यांनी पलीकडचं दार कोपरानं उघडलं, पाठ वळवली आणि बसले.

खालून आवाज आला. वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर बैल बसला तर येईल, तसा.

सर उठले. सीटवर त्यांनीच ठेवलेली कापडी पिशवी होती. पिशवीत कागदाच्या सहा नळ्या होत्या. आता त्यांना नळ्या म्हणायचं ते केवळ सवयीनं. भजी मात्र एकही खाली सांडली नव्हती. पुढे कित्येक दिवस सरांना जास्त लाज त्याचीच वाटत राहिली.

त्या नळ्यांत सागाच्या काड्या होत्या. अंबाबरवाच्या डोंगरात, वरच्या उतारावर, चार नाल्याच्या अलीकडे आणि दोन पलीकडे उभ्या असलेल्या सहा सागांच्या पोटातून, गिरमिटानं भोक पाडून काढलेल्या. शिसपेन्सिलीएवढ्या जाड आणि वीतभर लांब. साग दर पावसाळ्यात एक कडं चढवतो. चांगलं वर्ष असलं की कडं रुंद, वाईट गेलं की सुतासारखं बारीक. सालीपासून गाभ्यापर्यंत एक काडी काढली की झाडाचं अख्खं आयुष्य ओळीनं वाचता येतं आणि झाडाला कापावं लागत नाही. एकेक झाड ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचं. म्हणजे हिशेब केला तर सर एका दमात पाचशे पावसाळ्यांवर बसले होते.

खालच्या, नाल्याकाठच्या सहा झाडांच्या काड्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात होत्या, त्या वाचल्या. डोंगर तापतोय, पाऊस बदलतोय, तर एकाच डोंगरावर खालचं झाड कसं वाढतं आणि वरचं कसं, हे सरांना पाहायचं होतं. आता त्यांच्याकडे खालचा निम्मा डोंगर उरला होता.

घरी गेल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, गोंदाची बाटली घेतली आणि तुकडे जुळवायला बसले. पत्नी अनुपमा शाळेच्या वह्या तपासत होत्या. तासाभरानं सरांनी विचारलं, "हे बहात्तर साल आहे का दोन हजार पाच?"

अनुपमांनी चष्मा वर केला. "मला दोन्ही शेवयाच दिसतात."

"बघ ना नीट."

"नीट बघायला ते नीट असायला पाहिजे. फोन करा त्या दयारामभाऊंना, आणि खरं सांगा."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो ना!" सर म्हणाले, आणि बहात्तरचा दुष्काळ दोन हजार पाचच्या पुढे चिकटवून मोकळे झाले.

खरं सांगणं इतकं अवघड का होतं, हे समजायचं तर दयाराम कोण हे सांगायला हवं.

दयाराम म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या एका लहानशा गावातला निवृत्त वनमजूर. जन्म त्रेसष्टचा; हे साल शाळेतल्या मास्तरनं ठरवलं, कारण ते ठरवायला दुसरं कुणी रिकामं नव्हतं. बाप जंगलातल्या तोडीवर कुऱ्हाड चालवायचा, तोही तेच करत मोठा झाला. मग तोड बंद झाली, आणि ज्या हातांनी साग पाडले त्याच हातांना साग राखायचं काम मिळालं. सव्वीस वर्षं रोजंदारी. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कायम झाला तेव्हा गावात पेढे वाटले आणि पेढेवाल्यानं विचारलं, "नातू झाला का?"

माणूस काटकुळा, बोलणं कमी. झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीच्या दांड्यानं एक टिचकी मारून आतून पोकळ आहे का भरीव, हे तो सांगे, आणि चुकत नसे. तोडलेल्या खुंटावर बसायचा नाही. आधी वाकून कडी मोजायचा. डॉक्टर, इंजिनीअर, साहेब लोक त्याच्या मागून डोंगर चढले, धापा टाकत. सगळ्यांना तो एकच सांगे, "पायाकडे पाहा, वरतं मी पाह्यतो." त्याची बायको कलाबाई त्याच्याबद्दल सांगायची ते वेगळंच. "लग्नाले चाळीस वर्सं झाले. माहा हात काई या मानसानं धरला नाई. सागाच्या सालीवर मातर दिवसभर हात फिरवते!"

"सागाले तोंड नाई," दयाराम म्हणे.

या माणसाच्या आयुष्यात एकच दिवस वाईट निघाला, पण तो तेहेतीस वर्षं पुरला.

फेब्रुवारीत जंगलात जाळरेषा काढतात. म्हणजे गवताचा लांब पट्टा कापायचा आणि तो आपणच जाळून टाकायचा, की उन्हाळ्यात कुठून आग आलीच तर त्या मोकळ्या पट्ट्यावर येऊन थांबते. काम पहाटे करायचं, वारा पडलेला असताना. आणि शेवटचा निखारा गार होईस्तोवर एकानं तिथं बसून राहायचं. एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीत तो एक होता दयाराम. घरी आठ दिवसांची लेक होती, महामाया. ती जन्मल्यापासून घरात कुणी सलग झोपलेलं नव्हतं. दयाराम दगडाला टेकून बसला. ऊन कोवळं होतं. डोळा लागला.

जागा झाला तेव्हा वारा उठला होता आणि आग उतारानं वर निघाली होती.

तीन दिवस विझवत होते. माणूस मेलं नाही, गुरं मेली नाहीत. पण नाल्याच्या अलीकडचा अख्खा वरचा उतार काळा झाला. त्या वेळी तिथं शेषराव नावाचा वनरक्षक होता. मनानं चांगला. त्यानं पंचनाम्यात लिहिलं, 'अचानक सुटलेल्या वाऱ्यामुळे', आणि दयारामची रोजी वाचवली. कागदावर वारा दोषी ठरला. पण शेषरावाची जीभ कागदाला बांधलेली नव्हती. तो त्या उताराला 'दयारामची होळी' म्हणायला लागला. गंमत म्हणून. मग गुराखी म्हणायला लागले. मग तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया. "कोठी गेलती वं?" "दयारामच्या होळीवर." दहा-पंधरा वर्षांनी एक नवे साहेब आले, त्यांनी जागेचं नाव म्हणून ते नोंदवहीतच लिहून टाकलं. त्यांना वाटलं, तिथं गावची होळी पेटत असेल.

आणि त्या उतारावरचे साग पुढे बारीकच राहिले. खाली नाल्याकाठी त्याच वयाच्या सागाला मिठी पुरत नव्हती, वर मांडीएवढे बुंधे. लोक येता-जाता म्हणत, "आगीनं खुंटले बिचारे." दयाराम ऐकून घ्यायचा. दर मृगात तो खिशात बिया घेऊन एकटाच वर जायचा. धावड्याच्या, सागाच्या, मिळेल त्या. मातीत दाबून यायचा. हे कलाबाईशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि कलाबाईनं ते सरांना सांगितलं होतं.

म्हणून सर पहिल्यांदा गिरमिट घेऊन आले तेव्हा दयारामनं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "सर, या काडीत आगीचं वरीस दिसन का?"

"दिसेल."

"आन त्याच्या पुढचे?"

"सगळे दिसतील. यंदापर्यंत."

दयारामनं गिरमिटाचं टोक अंगठ्यानं चाचपलं. मग म्हणाला, "मंग काढा. पन एका झाडाले एकच भोक. दुसरं मांगू नका."

"एकच," सर म्हणाले. छातीवर हात ठेवून म्हणाले.

गिरमिट दयारामनंच फिरवलं. काडी बाहेर आली की तो भोकाला तळहातावर मऊ केलेलं मेण लावी आणि अंगठ्यानं दाबी. भोक उघडं ठेवलं तरी झाड आपलं आपण बुजवतं, असं पुस्तकात लिहिलेलं सरांनी वाचलं होतं. तेवढं ज्ञान त्यांनी गिळलं. सगळ्या काड्या नळ्यांत भरून झाल्यावर दयाराम म्हणाला, "सर, मले दुसरं काई नोको. आगीनंतर हे झाडं वाढलेच नाई, का वाढले आन मंग कशानं थांबले, तेवढं सांगजा. मी हाये तवरक सांगजा."

त्याच संध्याकाळी सरांनी भजी घेतली होती.

तीन दिवस गोंद लावून झाल्यावर सरांनी फोन उचलला. सांगायचं ते त्यांनी पाठ केलं होतं: दयारामभाऊ, माझ्याकडून चूक झाली. फोन लागला, पलीकडून "जय भीम, सर" आलं, आणि सरांच्या तोंडून निघालं, "भाऊ, अहो, पुण्याच्या प्रयोगशाळेत घोळ झाला."

"काय झालं?"

"वरच्या काड्या मोडल्या त्यांच्याकडून. सहाच्या सहा."

मग दयारामचा आवाज, हळू. "मोडल्या म्हंजे? काऊन मोडल्या?"

"आता काय सांगायचं! निष्काळजी लोक."

"पगार घेतेत ना ते?"

"घेतात की. भरपूर."

"तेयले झाडाचं काय! फॅनखाली बसनारे लोकं." आणि मग ज्या माणसाला कधी कुणी वाकडा शब्द बोलताना ऐकलं नव्हतं, त्यानं पुण्याला दोन अस्सल वऱ्हाडी शिव्या हासडल्या. सरांनी त्यात आपली एक घातली. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदाच आपण स्वतःला इतकी मनापासून शिवी दिली, तीही दुसऱ्याच्या नावे.

"सांगितलं?" अनुपमांनी विचारलं.

"पुन्हा भोक पाडू देतो म्हणाला."

"मी ते विचारलं नाही."

जानेवारीत सर पुन्हा गेले. दयारामच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्याखाली महामायाचा नर्सिंगच्या टोपीतला फोटो. कलाबाईनं भाकर, बेसन आणि ठेचा वाढला. सर खाली मान घालून जेवत होते.

"मी म्हंतो..." दयारामनं सुरुवात केली.

"तुमी काई म्हनू नका, मी म्हंते," कलाबाई म्हणाली. "सर, काड्या का काचंच्या होत्या? अशा कशा सहाच्या सहा मोडतीन? माहं आयका, त्या लॅबीत कोनी तरी बुड टेकलं असन तेच्यावर."

सरांना ठसका लागला. ठेचा सरळ नाकात गेला. दयारामनं पाणी पुढे केलं.

"पुन्यावाल्यायले तिखट सोसत नाई म्हंतेत," कलाबाई म्हणाली, "पन तुमी तं खामगावचे ना, सर?"

चढणीवर दयाराम पुढे, सर मागे. दोन ठिकाणी सर बसले, दोन्ही ठिकाणी खाली काय आहे ते बघून. दयाराम न थांबता बोलत होता. रागात असला की तो बोलतो हे सरांना त्या दिवशी कळलं. "हा नाला पाहा. माहा बाप होता तवा होळीपावतर वाहे. आता संक्रांतीलेच कोल्डा. पानी पडते, नाई पडत असं नाई. पन पडते कसं? चार दिवसाचं दोन घंट्यात. वरची माती घेते आन खाली पळते. खालच्या झाडायची चैन हाये, वरच्यायच्या तोंडापुढून ताट जाते."

सरांनी वहीत लिहिलं: 'तोंडापुढून ताट.' याहून बरं वाक्य त्यांच्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

पहिल्या सागापाशी दयाराम थांबला. मेणाचा ठिपका अजून ताजा होता. त्यानं त्याच्या वर, टीचभर अंतरावर सालीवर हात ठेवला आणि गिरमिट सरांकडे दिलं.

"तुम्ही नाही फिरवत?"

"नाई. मी एकाचीच जबान देल्ली होती यायले. दुसरं तुमी पाडा."

सरांनी फिरवलं. साग म्हणजे लोणी नव्हे. तिसऱ्या झाडापर्यंत त्यांच्या तळहातांना फोड आले, पाचव्यापर्यंत फुटले. दयाराम शेजारी उभा राहून मेण मऊ करत होता आणि एका शब्दानंही 'द्या इकडे' म्हणत नव्हता. सहाव्या झाडाला सरांनी मध्येच हात सोडले आणि बुंध्याला कपाळ टेकलं. सांगून टाकावं. आत्ता, इथंच.

"काय झालं, सर?"

"काही नाही. दम लागला."

"तुमचा काय कसूर," दयाराम म्हणाला, पहिल्यांदाच मऊ आवाजात. "दुसऱ्यानं मोडलं आन भोगून तुमी राह्यले."

सरांनी सहावं भोक एका दमात पाडलं.

या वेळी काड्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून ठेवल्या. गाडीत डब्याला सीटचा पट्टा बांधला, स्वतःला बांधायचा विसरले. पुण्याला पाठवण्याची हिंमत झाली नाही; शेगावला रेल्वेत बसले आणि डबा मांडीवर घेऊन स्वतःच गेले. तिथल्या प्रयोगशाळेत प्रेरणा नावाची एक तरुण संशोधक होती. तिनं काड्या लाकडी पट्ट्यांवर चिकटवल्या, घासून आरशासारख्या केल्या आणि भिंगाखाली धरल्या. विचारलं, "पहिल्या संचाचं काय झालं, सर?"

"प्रवासात जरा दाब आला."

तिनं फॉर्मवर लिहिलं, 'वाहतुकीत नुकसान'. सरांना शेषरावाचा पंचनामा आठवला. तिथं निदान लिहिणाऱ्यानं दुसऱ्याला वाचवलं होतं.

मग तिनं त्यांना भिंगापाशी बसवलं. म्हणाली, "थंड प्रदेशातल्या उंच डोंगरांवर गरमी वाढली की वरची झाडं कधीकधी जोमानं वाढतात, थंडीची पकड सुटते ना. मला वाटलं इथंही काही वेगळं दिसेल. पण तुमच्या डोंगरावर अडचण थंडीची नाहीच, पाण्याची आहे. बघा." सरांनी पाहिलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा भिंग पुसून पाहिलं.

एप्रिलच्या शेवटी ते सोनाळ्याच्या रस्त्याला लागले. भज्यांच्या गाडीकडे न बघता पुढे गेले. दयारामला म्हणाले, घरातच बसून दाखवतो, बाहेर चव्वेचाळीस आहे. दयारामनं पायात चपला घातल्या. "वरतंच सांगा. जे हाये ते त्यायच्यापुढं सांगा."

वर एका सागालाही पान नव्हतं. सावलीच्या नावाखाली फांद्यांच्या काड्यांची जाळी जमिनीवर पडलेली. सरांनी पट्टी काढली, भिंग दिलं आणि दयारामनं बाभळीच्या काट्याचं टोक सालीकडच्या बाजूनं एकेका कड्यावर ठेवत मागे जायला सुरुवात केली. ओठ हलत होते. तेवीस, बावीस, एकवीस. बारीक, बारीक, बारीक. मोजायला त्याला सरांपेक्षा कमी वेळ लागला.

काटा एका काळ्या डागावर थांबला. काजळाचं बोट लागावं तसा डाग.

"हे तेच ना?"

"तेच. एक्क्याण्णव."

दयारामनं श्वास घेतला आणि तिथून उलटा पुढे निघाला. "ब्याण्णव... बारीक. त्र्यान्नव... बारीक." मग थांबला. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. "सर, हे काय हाये? हे तं रुंद हाये. हे चौऱ्याण्णव हाये ना?"

"हो."

"आन हे बी रुंद. पंच्यान्नव. हे पाहा, शहान्नव त केवढं हाये!" काटा भराभर पुढे जात होता. "अठ्ठ्यान्नव... महामायाले शाळेत टाकलं ते वरीस..." दोन हजार एकपर्यंत तो जवळजवळ पळत गेला. दोनच्या पुढे काट्याचा वेग कमी झाला. "अन अथून पुढं बारीक. दर वर्साले बारीक. मदात एखांदं बरं." त्यानं वर पाहिलं. "अथी काय झालं, सर? अथी तं कोनी आग नाई लावली."

"नाही लावली. इथून उन्हाळा लांबत गेला, भाऊ. रात्रीसुद्धा गार होईनात. पाऊस तुम्ही म्हणता तसा, दोन तासांत पळून जाणारा. वर माती पातळ, पाणी धरत नाही. वाढायचे जे चार महिने होते त्यातले दिवस कमी होत गेले." सरांनी दुसरी पट्टी पुढे केली. "हे नाल्यापलीकडचं झाड. एवढ्याच उंचीवरचं. तिथं तुमची आग गेलीच नव्हती."

दयारामनं मोजलं. काळा डाग नव्हता. दोन हजार दोनपासून तेही बारीक होत गेलं होतं, त्याच वर्षी, तितकंच.

काटा त्याच्या हातातून गळून पडला. तो खाली बसला, त्याच मातीत. डोक्यावरचा रुमाल काढून त्यानं तोंडावर धरला. सर उन्हात उभे होते. बसावं का नाही ते त्यांना समजेना.

"म्हंजे माह्याकून दोन वर्साचं नुकसान झालं," रुमालाआडून आवाज आला.

"दोन वर्षांचं."

"दोनच."

"दोनच, भाऊ. नंतर ही झाडं सावरली होती. तुमच्या आगीतून ती केव्हाच उठली होती."

दयारामनं रुमाल खाली घेतला. डोळे लाल होते. "आन मंग बाकीचं कोनाचं? हे वीस-बावीस वर्साचं?"

"ते... ते सगळ्यांचं. मोटारी, कारखाने, वीज. माझं पण आहे त्यात. माझी गाडी, माझा एसी."

"सगळ्यायचं म्हंजे कोनाचंच नाई," दयाराम म्हणाला. "माहं बरं होतं. त्याले नाव तरी होतं."

सर वर्गात असते तर घंटा वाजण्याची वाट पाहिली असती. इथं वाजायला काही नव्हतं. एक सातभाई पक्षी पाचोळ्यात खसखस करत होता, तेवढंच.

थोड्या वेळानं दयाराम उठला. चेहरा हलका दिसत होता, धुतल्यासारखा. त्यानं पट्टी रुमालात गुंडाळली, सरांना परत दिली आणि दोन्ही हात जोडले. सर घाबरून मागे सरले.

"सर, त्या पुन्यावाल्यायले मी लय शिव्या देल्ल्या. घरी बसून देल्ल्या, वावरात देल्ल्या, कलाबाई तं अजूनबी देते. मीच झोपलो होतो एक डाव, आन दुसऱ्याच्या चुकीले शिव्या देत बसलो. तेयले सांगजा, दयारामनं माफ केलं म्हना. चूक होते मानसाकून."

सरांना वाटलं होतं की आता हे प्रकरण मिटलं. काड्या मिळाल्या, उत्तर मिळालं, म्हातारा मोकळा झाला. पुण्याच्या नावावर एक चूक राहिली तर पुण्याचं काय जाणार आहे? ते 'सांगतो' म्हणायला तोंड उघडत होते. अनुपमांनाही ते नेहमी हेच म्हणत. पण समोरचा माणूस तेहेतीस वर्षं आपली चूक आपल्या नावानिशी या उतारावर वागवत होता, आणि ब्याण्णव किलोंना चार महिने पेलवलं नव्हतं.

"भाऊ, पुण्यानं नाही मोडल्या," सर म्हणाले. "त्या पुण्याला गेल्याच नव्हत्या. सोनाळ्याला मी गाडीत त्यांच्यावर बसलो. हातात भजी होती. पिशवी मीच तिथं ठेवली होती. तुम्हाला फोनवर खोटं सांगितलं, घरी जेवताना खोटं वागलो, इथं भोक पाडताना खोटा उभा राहिलो. सगळं माझं आहे. मला माफ करा, दयारामभाऊ."

दयारामनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. हसला नाही, रागावलाही नाही. मग तो सागाकडे वळला, सालीवर हात ठेवला आणि सरांकडे न बघताच म्हणाला,

"माफी मले काऊन मांगून राह्यले, सर? भोक झाडाले पडलं."